वाचकांचे प्रश्न : पॅकेट नेमके कुठे पडते?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एम्बेडेड बोर्डांच्या, म्हणजे यंत्रांत बसवायच्या छोट्या संगणक-बोर्डांच्या, नेटवर्क चाचणीबद्दल आहेत आणि चौघांचीही अडचण वरवर पाहता एकच आहे : पाठवलेली सगळी पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) पोहोचत नाहीत, किंवा अपेक्षित वेग मिळत नाही. म्हणून या अंकातले सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. खाली जिथे नुसते ‘मेगाबिट’ म्हटले आहे तिथे दर सेकंदाचा वेग समजावा.

प्रश्न : कारखान्यांसाठीच्या आमच्या गेटवेचा बोर्ड सिंगल-कोर कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसरवर आहे. त्यावर लिनक्स चालते आणि नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचा आहे. ‘आयपर्फ ३’ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने संगणकाकडून बोर्डाकडे टीसीपी चाचणी घेतली की ९४ मेगाबिट मिळतात. तीच चाचणी यूडीपीने (पोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीने), ९० मेगाबिट वेगाने आणि १४६० बाइटच्या पॅकेटांनी ३० सेकंद घेतली, तर २,३१,१६४ पॅकेटांपैकी ९,२४८ हरवतात, म्हणजे ४ टक्के. उलट दिशेला एकही हरवत नाही. तीन केबली बदलल्या, स्विच बदलला, ‘आरमेम_मॅक्स’ हे घेण्याच्या बफरच्या कमाल आकाराचे मूल्य वाढवून ४ मेगाबाइट केले, तरी काहीच फरक पडला नाही. ग्राहक अहवाल मागतो आहे. दोष हार्डवेअरचा मानावा का? चाचणीआधीच्या आणि नंतरच्या काउंटरांच्या नोंदी व कन्सोलवरचा मजकूर सोबत जोडला आहे.
— एक अभियंता, भोसरी

उत्तर : आपण नोंदी जोडल्या हे फार बरे केले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींतच आहे आणि त्यासाठी चौथी केबल आणण्याची गरज नाही. मात्र उत्तराकडे वळण्याआधी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पॅकेट ‘हरवते’ हा शब्दच आपल्याला चुकीच्या वाटेने नेतो. बोर्डाच्या आत पॅकेट हवेत विरून जात नाही. ते एका ठरावीक टप्प्यावर, ठरावीक कारणाने टाकून दिले जाते आणि बहुतेक टप्प्यांवर त्याची मोजणी करणारा काउंटर असतो. तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी जमाखर्चाचा ताळा करावा : पाठवणाऱ्याने किती पाठवली, बोर्डाच्या मॅकने (पॅकेट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या हार्डवेअरने) किती घेतली, प्रत्येक टप्प्यावर किती पडली, आणि शेवटी प्रोग्रॅमच्या हाती किती लागली. हा ताळा जुळल्याशिवाय केलेला प्रत्येक बदल म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी केबलचा विषय मिटवू. आपल्या टीसीपी चाचणीत ३० सेकंदांत सुमारे २ लाख ४३ हजार सेगमेंट (टीसीपीची पॅकेट) त्याच केबलवरून, त्याच दिशेने बोर्डापर्यंत गेले. केबल जर खरोखर ४ टक्के पॅकेट खात असती, तर आयपर्फच्या ‘आरईटीआर’ या स्तंभात, म्हणजे पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटांच्या रकान्यात, साधारण पावणेदहा हजारांचा आकडा दिसला असता आणि ९४ मेगाबिट हा वेग टिकलाच नसता. आपल्या नोंदीत तिथे १४ आहे. शिवाय ‘इथटूल’ या आज्ञेने मिळणाऱ्या आकडेवारीत सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, काउंटर चाचणीच्या आधी आणि नंतरही शून्यच आहे. केबल, जॅक, ट्रान्सफॉर्मर आणि तारेवरचे संकेत हाताळणारी फी (पीएचवाय) चिप या चौघांनाही इथेच निर्दोष ठरवून पुढे जाता येते.

आता बोर्डाच्या आतली वाट पाहू. तारेवरून आलेली फ्रेम (तारेवरच्या रूपातले पॅकेट) प्रथम मॅकच्या फिफोत, म्हणजे छोट्या रांगेत, उतरते, तिथून डीएमए (प्रोसेसरविना थेट मेमरीत लिहिणारे हार्डवेअर) ती मेमरीतल्या रिंगमध्ये, म्हणजे जागांच्या वर्तुळाकार यादीत, ठेवतो, मग ड्रायव्हर रिंगमधून पॅकेट उचलून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नेटवर्क भागाकडे देतो, तो ते सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्ककडच्या दाराच्या, बफरमध्ये टाकतो आणि शेवटी आयपर्फ तिथून वाचतो. फिफो किंवा रिंग भरली तर ‘ओव्हररन’चा काउंटर वाढतो, आपल्याकडे तो १३६ ने वाढला आहे. सॉकेटचा बफर भरला तर ‘नेटस्टॅट’ या आज्ञेच्या यूडीपी भागातला ‘रिसीव्ह बफर एरर’ वाढतो. आपल्याकडे तो ९,११२ ने वाढला आहे. या दोहोंची बेरीज ९,२४८ होते. एकूण एक पॅकेटाचा हिशोब लागला. तारेवर एकही पडलेले नाही, आणि शंभरातली जवळजवळ अठ्ठ्याण्णव पडली ती अगदी शेवटच्या पायरीवर, प्रोग्रॅमच्या दारात.

टीसीपीला हा त्रास का होत नाही, हेही यावरून कळते. टीसीपीत घेणारा मागे पडला की तो आपली विंडो आखडती घेतो आणि पाठवणारा थांबतो. यूडीपीत असा निरोप देण्याची सोयच नाही, त्यामुळे बफर भरल्यावर आलेले पॅकेट टाकण्यावाचून कर्नलपुढे दुसरा मार्ग उरत नाही.

मग बफर का भरला? आपल्या नोंदीनुसार सॉकेट बफरचे डीफॉल्ट मूल्य १,६३,८४० बाइट आहे. १४६० बाइटच्या पॅकेटासाठी १०० हून अधिक पॅकेटांची ही जागा झाली असे वाटते, पण कर्नल नुसता मजकूर मोजत नाही. पॅकेटासाठी घेतलेला पूर्ण बफर आणि त्याच्या नोंदीची रचना धरून हिशोब करतो. हा आकडा ड्रायव्हरप्रमाणे बदलतो, पण तो साधारण २३०० बाइट धरला तर जागा राहते सुमारे ७१ पॅकेटांची. ९० मेगाबिट वेगाने सेकंदाला ७,७०५ पॅकेट येतात, म्हणजे ही जागा ९ मिलिसेकंदांत भरते. आयपर्फला ९ मिलिसेकंद सीपीयू मिळाला नाही, की गळती सुरू.

सीपीयू एवढा वेळ कुठे अडकतो, याचा धागा आपण पाठवलेल्या कन्सोलच्या मजकुरात आहे. चाचणी चालू असताना नेटवर्क ड्रायव्हरचे डिबग संदेश दोन-दोन ओळींनी सतत येत आहेत आणि कन्सोल १,१५,२०० बॉडच्या सीरियल पोर्टवर आहे. या वेगाने सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, दोन ओळींना १४. पॅकेट उचलण्याच्या कामातूनच हा संदेश छापला जात असेल, तर तो छापून होईपर्यंत आपला एकुलता एक कोर त्या सीरियल पोर्टपाशी उभा असतो. त्या १४ मिलिसेकंदांत १०७ पॅकेट येऊन रिंगमध्ये साचतात. आपली रिंग २५६ जागांची असल्याने ती सहसा भरत नाही, पण छपाई संपताच ती सगळी पॅकेट एका दमात सॉकेटकडे ढकलली जातात, आणि तिथे तर जागा ७१ चीच. उरलेली ३६ पडतात. क्वचित पाच-सहा ओळी सलग आल्या की ३५ ते ४० मिलिसेकंद जातात आणि रिंगही भरते. ओव्हररनच्या १३६ नोंदी त्यातून आलेल्या दिसतात.

‘आरमेम_मॅक्स’ वाढवून काही झाले नाही यात नवल नाही, कारण ती केवळ कमाल मर्यादा आहे. प्रोग्रॅमने स्वतः मोठा बफर मागितल्याशिवाय त्याला डीफॉल्टच मिळतो. आयपर्फ ३ मध्ये ‘-डब्ल्यू’ या पर्यायाने तो मागता येतो, आणि क्लायंटवर दिलेले मूल्य सर्व्हरलाही कळवले जाते.

आता दोन चाचण्या वेगवेगळ्या घ्याव्यात, एकत्र नव्हे. पहिलीत फक्त कन्सोलची लॉग पातळी खाली आणावी, बाकी काही बदलू नये. दुसरीत लॉग पूर्ववत ठेवून ‘-डब्ल्यू’ने १ मेगाबाइट बफर मागावा. माझा अंदाज असा, की पहिलीत गळती जवळजवळ थांबेल आणि दुसरीत ती बरीच घटेल, पण ओव्हररनची छोटी गळती तशीच राहील, कारण मोठा बफर फक्त सॉकेटच्या पायरीवर उसंत देतो. प्रत्येक चाचणीनंतर ताळा नव्याने करावा. हा अंदाज चुकला तरी हरकत नाही. कोणता काउंटर वाढला ते पाहून पुढची जागा कळेल.

नोंदी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते, तीही सांगून ठेवतो. ‘सॉफ्टनेट_स्टॅट’ या कर्नलच्या फाईलमधले आकडे सोळाच्या पायाचे (हेक्साडेसिमल) असतात. त्यातला दुसरा स्तंभ टाकलेल्या पॅकेटांचा आहे, पण तिसरा स्तंभ फक्त काम अर्धवट ठेवून थांबावे लागल्याचा आहे आणि ती गळती नव्हे. तसेच इंटरफेसच्या साध्या आकडेवारीतला ‘ड्रॉप्ड’ हा आकडा, कर्नलला ज्यांचा प्रोटोकॉल माहीत नाही अशी पॅकेटही मोजतो. स्विच स्वतःहून पाठवत असलेल्या चौकशीच्या फ्रेमांमुळे तो शांत नेटवर्कवरही हळूहळू वाढत राहतो. त्यावरून घाबरून जाऊ नये.

अहवालाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ‘९० मेगाबिट, ४ टक्के लॉस’ हा थ्रूपुटचा आकडाच नव्हे. १९९९ च्या आरएफसी २५४४ या इंटरनेट-दस्तऐवजामध्ये नेटवर्क उपकरणांच्या मोजणीची जी पद्धत दिली आहे, तिच्यात थ्रूपुट म्हणजे एकही फ्रेम न गमावता टिकणारा सर्वाधिक वेग, आणि प्रत्येक फेरी किमान ६० सेकंदांची. आपण वेग कमी-जास्त करत तो शून्य गळतीचा बिंदू शोधावा आणि पॅकेटच्या आकारासह तोच लिहावा. आपला गेटवे प्रत्यक्षात लहान पॅकेटच जास्त हाताळणार असेल, तर ६४ बाइटच्या फ्रेमांची फेरीही अवश्य घ्यावी. १०० मेगाबिटच्या तारेवर मोठ्या फ्रेम सेकंदाला जेमतेम ८,१२७ मावतात, पण ६४ बाइटच्या १,४८,८०९ मावतात, आणि प्रोसेसरचा घाम निघतो तो पॅकेटांच्या संख्येने, बाइटांनी नव्हे.

प्रश्न : एसटीएम३२ एच७ या मायक्रोकंट्रोलरवर एलडब्ल्यूआयपी (छोटी नेटवर्क लायब्ररी) आणि फ्रीआरटीओएस (छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) वापरते आहे. संगणकावरून ‘आयपर्फ २’ने १४७० बाइटची यूडीपी पॅकेट पाठवते आणि बोर्डावर ती मोजते. पाठवण्याचा वेग ६० मेगाबिट असो की ९०, पोहोचतात ते ४७ च. रिसीव्ह डिस्क्रिप्टर (आलेले पॅकेट कुठे ठेवायचे ते डीएमएला सांगणाऱ्या नोंदी) ४ होते ते १६ केले, तेव्हा वेग वाढला, पण आता अधूनमधून आधीचेच पॅकेट पुन्हा मिळते आणि काही वेळा पॅकेट येणे पूर्ण थांबते. जुन्या मांडणीवर परत जावे का?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : परत जाऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. पहिला अर्धवट मिटल्यामुळे दुसरा उघडा पडला आहे, आणि दोन्ही चांगले निदान करता येण्याजोगे आहेत.

४७ हा आकडा मला फार बोलका वाटला. ज्या गळतीचा वेग पाठवण्याच्या वेगाबरोबर बदलतो ती बहुधा सीपीयूच्या ओढाताणीतून येते. पण जेव्हा कितीही पाठवले तरी पोहोचणारा आकडा एका जागी खिळून राहतो, तेव्हा कुठेतरी घड्याळ दडलेले असते. गुणाकार करून पाहा : ४ पॅकेट, प्रत्येकी १४७० बाइट, बाइटला ८ बिट, सेकंदाला १००० वेळा. उत्तर येते ४,७०,४०,००० बिट, म्हणजे ४७.०४ मेगाबिट. तुमचे ईथरनेटचे टास्क दर मिलिसेकंदाला एकदा जागे होते, चारही डिस्क्रिप्टर रिकामे करते आणि पुन्हा झोपी जाते, असा याचा अर्थ. त्या टास्कच्या लूपमध्ये एका टिकचा ‘ओएसडीले’, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याची सक्तीची झोप, सापडेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. १०० मेगाबिटच्या तारेवर मोठी फ्रेम १२३ मायक्रोसेकंदांत येते, त्यामुळे चार डिस्क्रिप्टर अर्ध्या मिलिसेकंदात भरतात आणि उरलेला अर्धा मिलिसेकंद मॅककडे फ्रेम ठेवायला जागाच नसते.

डिस्क्रिप्टर वाढवल्याने लक्षण झाकले गेले, मूळ तसेच राहिले. फ्रेम आल्याच्या इंटरप्टमधून (हार्डवेअरने दिलेल्या हाकेतून) सेमाफोर, म्हणजे टास्कला जागे करणारी खूण, द्यावा, टास्कने त्याची वाट पाहावी, जागे झाल्यावर एकच नव्हे तर उपलब्ध असतील तितकी सगळी पॅकेट उचलावीत, आणि या टास्कची प्राधान्यता मोजणी किंवा छपाई करणाऱ्या टास्कांपेक्षा वर असावी. हे केल्यावरही १६ डिस्क्रिप्टर ठेवायला हरकत नाही. पुढे आयपर्फ ३ वापराल तेव्हा त्यांचा उपयोग होईल, कारण तो यूडीपीचा वेग साधारण १ मिलिसेकंदाच्या टप्प्यांनी सांभाळतो. ५० मेगाबिटला दर मिलिसेकंदाला ६,२५० बाइट, म्हणजे चार-पाच पॅकेट, सलग एकामागून एक येऊन आदळतात. सरासरी वेग कमी दिसत असला तरी तुमच्या रिंगला सरासरी दिसत नाही, समोर आलेला लोंढा दिसतो.

आता दुसरा दोष. जुनेच पॅकेट पुन्हा मिळणे ही कॅशेची (मेमरीच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोसेसरजवळच्या साठ्याची) ओळखीची खूण आहे. एच७ मधल्या कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरमध्ये डेटा कॅशे आहे, पण ईथरनेटचा डीएमए तिला न विचारता थेट मेमरीत लिहितो. म्हणून डिस्क्रिप्टरांची जागा एमपीयूच्या (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या घटकाच्या) साहाय्याने कॅशेबाहेर ठेवतात. अनेक नमुना प्रकल्पांत हा भाग २५६ बाइटचा ठेवलेला असतो. एच७ साठी उत्पादकाने दिलेल्या हॅल लायब्ररीत एक डिस्क्रिप्टर २४ बाइटचा आहे. घेण्याचे ४ आणि पाठवण्याचे ४ मिळून १९२ बाइट होतात आणि ते या भागात बसतात. तुम्ही घेण्याचे १६ केल्यावर एकूण ४८० बाइट झाले. म्हणजे निम्म्याच्या आसपास डिस्क्रिप्टर कुंपणाबाहेर, कॅशेच्या राज्यात गेले. तिथे डिस्क्रिप्टर डीएमएच्या ताब्यात आहे की आपल्या, हे सांगणारा बिट प्रोसेसर जुन्या प्रतीतून वाचतो. कधी तेच पॅकेट पुन्हा उचलतो, तर कधी मोकळा केलेला डिस्क्रिप्टर डीएमएला मोकळा दिसतच नाही आणि घेणे ठप्प होते. तुमची दोन्ही लक्षणे यात बसतात.

खात्री करायला डेटा कॅशे पूर्ण बंद करून एक फेरी घ्या. वेग घटेल, पण पुनरावृत्ती आणि थांबणे नाहीसे झाले तर निदान पक्के. तो उपाय म्हणून मात्र ठेवू नका. एमपीयूचा भाग ५१२ बाइटचा करा. या भागांचा आकार दोनच्या घातातच घ्यावा लागतो आणि सुरुवातीचा पत्ता त्याच आकाराच्या पटीत असावा लागतो, म्हणून लिंकर फाईलमधले (प्रोग्रॅमचा कोणता भाग मेमरीत कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाईलमधले) पत्तेही तपासा. मूळ प्रकल्पात पाठवण्याच्या डिस्क्रिप्टरांची यादी पहिल्या ९६ बाइटांनंतर लगेच ठेवलेली असेल, तर तीही पुढे सरकवावी लागेल. ज्या बफरांत पॅकेटचा मजकूर उतरतो ते कॅशेत ठेवणार असाल, तर ते ३२ बाइटच्या सीमेवर असू द्या आणि वाचण्याआधी तेवढा भाग कॅशेतून अवैध करा. एलडब्ल्यूआयपीची आकडेवारी चालू करून लिंकवर पडलेली पॅकेट, पीबफ (एलडब्ल्यूआयपीचे पॅकेट-बफर) संपल्याच्या नोंदी आणि चेकसमच्या चुका हे तीन आकडे प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहीत जा. पदवीच्या प्रकल्पात ही वही कोडाइतकीच महत्त्वाची आहे.

प्रश्न : आम्ही स्वतः आखलेल्या बोर्डावर गिगाबिटला ०.५ टक्के पॅकेट लॉस येतो आणि सीआरसी त्रुटी वाढतात. लिंक १०० मेगाबिटवर आणली की एकही त्रुटी नाही. पुरवठादार म्हणतो केबल हलकी आहे. केबल तर कॅट ६ ची, नवी आहे.
— एक हार्डवेअर अभियंता, ठाणे

उत्तर : केबलवर शंका घेण्याआधी प्रमाण पाहू. तांब्याच्या गिगाबिट ईथरनेटच्या मानकाला १० अब्ज बिटांत जास्तीत जास्त एक चूक मान्य आहे. मोठ्या फ्रेममध्ये १२,१४४ बिट असतात, त्यामुळे मर्यादेवर चालणारी लिंकसुद्धा सव्वाआठ लाख फ्रेमांत एखादी बिघडवेल. आपल्याकडे दोनशे फ्रेमांत एक बिघडते आहे. चार हजार पटींचा हा फरक नव्या, धड केबलीतून येत नाही.

सीआरसीची चूक दोन ठिकाणी जन्म घेऊ शकते : फीच्या पलीकडे, तारेवर, किंवा फीच्या अलीकडे, फी आणि मॅक यांच्यामधल्या आरजीएमआयआय रेषांवर. मॅकला दोन्ही सारख्याच दिसतात. भेद करायला फीचे रजिस्टर क्रमांक १० वाचावे. त्याच्या खालच्या आठ बिटांत गिगाबिट लिंकच्या रिकाम्या वेळी आढळलेल्या चुका मोजलेल्या असतात. चाचणीभर तो आकडा शून्य राहिला आणि मॅकची सीआरसी वाढत गेली, तर तार सुटली आणि दोष आपल्या बोर्डावर आला.

आपले वर्णन ऐकून माझे बोट आरजीएमआयआयच्या विलंबावर आहे. गिगाबिटला या रेषांचे घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचे असते आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर जातो, म्हणजे एका बिटाला फक्त ४ नॅनोसेकंद मिळतात आणि घड्याळाची कड त्याच्या मधोमध पडण्यासाठी ती सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा यावी लागते. १०० मेगाबिटला तेच घड्याळ २५ मेगाहर्ट्झवर उतरते, एका चक्राला ४० नॅनोसेकंद मिळतात, आणि दोन-चार नॅनोसेकंदांची चूक सहज खपून जाते. आपल्याला दिसणारा फरक नेमका हाच आहे.

हा विलंब कोणीतरी एकानेच द्यायचा असतो : मॅकने, फीने, किंवा बोर्डावरच्या लांबवलेल्या रेषेने. रेषेने द्यायचा तर साधारण ३० सेंटीमीटर जास्तीची लांबी लागते, म्हणून लहान बोर्डांवर तसे सहसा कोणी करत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला बोर्डाचे वर्णन देणाऱ्या फाईलमध्ये) ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहिले असेल तर दोन्ही दिशांचा विलंब फी देते. शेवटी नुसते ‘आरएक्सआयडी’ किंवा ‘टीएक्सआयडी’ असेल तर एकाच दिशेचा. मॅक आणि फी दोघांनीही दिला तर घड्याळ ४ नॅनोसेकंदांनी सरकून पुढच्याच बिटावर जाते आणि लिंक दिसत असूनही काहीच चालत नाही, आपल्याकडे ९९.५ टक्के फ्रेम येतात, त्यावरून विलंब अर्धवट किंवा काठावरचा असावा. अनेक फी चिपांत तो बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो. एकेका पायरीवर चाचणी घेऊन शून्य त्रुटींचा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते नोंदवावे, आणि मधले मूल्य ठेवावे. ज्या पहिल्या मूल्यावर त्रुटी थांबल्या तिथेच समाधान मानू नये, कारण तापमान बदलल्यावर तो पट्टा सरकतो. शेवटची फेरी बोर्ड पूर्ण तापल्यावर घ्यावी. बूटलोडरमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नेटवर्क नीट चालते आणि लिनक्समध्ये बिघडते, असे आढळले तर दोघांनी फीला दिलेल्या विलंबाची मूल्ये शेजारी ठेवून पाहिली की पुरे.

प्रश्न : बोर्डावर ‘गिगाबिट ईथरनेट’ छापलेले आहे, लिंकही १००० दाखवते, पण टीसीपीला ४०० मेगाबिटच मिळतात आणि यूडीपी ९०० ने पाठवले तर निम्म्याहून जास्त पॅकेट पडतात. विक्रेत्याने फसवले का?
— एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : आपण प्रोसेसरचे नाव कळवलेले नाही, पण ४०० हा आकडा पाहून आधी चिपची चूक-यादी, म्हणजे ‘इराटा’ पाहा असे सुचवतो. आय.एमएक्स ६ या प्रोसेसर-मालिकेच्या मूळ चिपांबाबत उत्पादकानेच ईआरआर००४५१२ या क्रमांकाखाली जाहीर केले आहे, की ईथरनेट मॅकचा वेग आतल्या बसमुळे, पाठवणे आणि घेणे मिळून, सैद्धांतिकदृष्ट्या ४७० मेगाबिटपर्यंतच जाऊ शकतो आणि प्रत्यक्षात सुमारे ४०० मिळतो. २०१८ सालच्या रास्पबेरी पाय ३ बी प्लस या बोर्डाचेही तसेच होते : गिगाबिट पोर्ट यूएसबी २.० च्या मागे असल्याने कमाल ३०० मेगाबिट, आणि तेही त्याच्या माहितीपत्रकात दिलेले होते. लिंकचा वेग तारेबद्दल सांगतो. तारेमागची वाट तेवढी रुंद आहे की नाही, ते चिपच्या कागदपत्रांतच कळते. आपल्या बोर्डावर अशीच चिप असेल तर विक्रेत्याने खोटे छापलेले नाही, मात्र ही मर्यादा खरेदीपूर्वी सांगायला हवी होती असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि आपण ती लेखी मागावी.

गळतीबद्दल : ९०० ने पाठवून ४०० पोहोचत असतील तर उरलेली पॅकेट मॅकच्या फिफोतच पडणार, तिथे कर्नलचा कोणताही बफर वाढवून उपयोग नाही. अशा चिपसाठी ईथरनेटच्या ८०२.३एक्स मानकातल्या पॉज फ्रेम चालू ठेवाव्यात, म्हणजे फिफो भरत आली की मॅक समोरच्या पोर्टला क्षणभर थांबायला सांगतो. ‘इथटूल -ए’ने त्या दोन्ही बाजूंनी मान्य झाल्या आहेत का ते पाहता येते; बरेच साधे स्विच त्या मान्य करतात, व्यवस्थापित स्विचवर बहुधा त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात. टीसीपीला याचा लगेच फायदा होईल. यूडीपीत मात्र बोर्डावरचा ओव्हररन थांबला तरी संगणक ९०० नेच पाठवत राहिला तर स्विचचा बफर भरेल आणि गळती तिथे सरकेल. तेव्हा पुढची फेरी घेण्याआधी बोर्ड जोडलेल्या स्विच पोर्टवरचा टाकलेल्या फ्रेमांचा काउंटर शून्य करून ठेवा आणि चाचणी संपताच तो वाचा.